दोरा सरळ कशावरून?

“आणि मी काही चुकीचं सांगितलं तर?” केरबानं विचारलं.

पावट्याच्या शेंगांची टोपली अज्जांनी जवळ ओढली.

“म्हणून म्हंतोय, अज्जा. पोरगीला ठेवून घ्या. माझ्याजवळ राहिली तर माझ्यासारखी हुईल.”

डोंगराच्या कुशीतल्या त्या मठात पंचवीसेक मुलं राहून शिकत असत. यंदापासून मुलींनाही घेणार, असं बाजारात कानावर आलं आणि दुसऱ्याच दिवशी केरबा गवंडी सहा मैल चालून आला. बरोबर सात वर्षांची हौसा. तिच्या पिशवीत दोन परकर, एक पाटी आणि आईनं फडक्यात बांधून दिलेले तिळाचे लाडू.

अज्जा म्हणजे मठाचे म्हातारे स्वामी. बारा वर्षं काशीला शिकून आलेले. मोठमोठे शास्त्री त्यांच्यापुढे जपून बोलत. केरबा तर जमिनीकडे बघूनच बोलत होता.

“शाळेत जाते ना?”

“जाते की.”

“मग?”

“बोलत न्हाई.”

“शाळेत?”

“शाळेत बी, घरात बी… आधी लई बोलायची.”

हौसा खांबाला टेकून उभी होती. पायाच्या अंगठ्यानं सारवलेली जमीन उकरत होती.

“कधीपासून?”

केरबाला वारसुद्धा सांगता आला असता. पण तो म्हणाला, “झालं आता वरीसभर.”

अज्जांनी हौसापुढं हात केला.

“पाटी देतेस?”

तिनं पिशवीतून पाटी काढली, पेन्सिलही काढली. पेन्सिल अज्जांनी परत दिली. पाटी मांडीपुढं ठेवून तिच्यावर शेंगांचा ढीग ओतला.

“चल. सोलू लाग.”

ही परीक्षा आहे, असं केरबाला वाटलं. तो सावरून बसला. काशीची माणसं अशीच काहीतरी परीक्षा घेत असतील.

पण अज्जा नुसते सोलत होते. मधूनच एखादी शेंग उजेडाकडं धरून आतले दाणे किती ते बघत, आणि मग सोलून खरोखर तेवढेच निघाले की खूश होत.

थोड्या वेळानं हौसाही शेंग उजेडाकडं धरू लागली.

“तुझे किती झाले गं?”

तिनं दाण्यांवर बोट ठेवत मोजलं. ओठ हलत होते.

“एक विसा…”

ती थांबली. बापाकडं बघितलं.

“…आणि सात.” हे जेमतेम ऐकू आलं.

केरबा हात जोडून पुढं सरकला. “चूक झाली, अज्जा. ते माझं लागलंय तिला. आमी विटा तशाच मोजतो, विसाविसानं. मास्तरांनी वर्गात बाकं मोजायला लावली, तर ही उठून म्हणाली, एक विसा आणि पाच. समदा वर्ग हसला.”

“मास्तर?”

“मास्तर चांगले हायत. रागावले न्हाईत. घरी निरोप दिला तेवढा. घरात काही शिकवू नका, पोरांचा गोंधळ हुतो म्हणून.”

“मग?”

“मग बंद केलं.”

“काय बंद केलं?”

केरबानं ओठावरून जीभ फिरवली.

“समदंच.”

आणि ते खरं होतं. आधी हौसा सुट्टीच्या दिवशी त्याच्याबरोबर कामावर यायची. वाटेत हा पक्षी कुठला, त्या आंब्याला यंदा मोहर का नाही, हा ओढा कुठं जातो, असं चाललेलं असायचं. केरबाला येईल तसं तो सांगायचा. आई भाकरी थापायला बसली की पिठाचा एक गोळा हिचा. भाजी निवडायला हीच. जेवताना आज काय काय बघितलं ते बापाला सांगायचं, आणि बापानंही सांगायचं, हा तर नेमच होता.

त्या निरोपानंतर केरबानं बायकोला बजावलं, पोरगीला कामाला बोलवायचं न्हाई, तिला अभ्यास करू दे. हौसाला कोपऱ्यात पाट मांडून दिला. वाटेनं जाताना तिनं काही विचारलं की तो म्हणे, “मास्तरांना इचार.” पुढं पुढं तिनं विचारायचं सोडलं.

केरबाला ते लागायचं. पण मनात कुठंतरी बरंही वाटायचं. पोरीसाठी मी माझं तोंड शिवून घेतलं. एवढं कोण बाप करतो?

अज्जा मात्र पाटीवरचे तिचे दाणे मोजत होते. एकेक बाजूला सारत.

“…पंचवीस. सव्वीस. सत्तावीस.” त्यांनी वर बघितलं. “तू किती म्हणालीस?”

हौसानं बापाकडं बघितलं.

“सांग, सांग. मी विसरलो.”

“एक विसा आणि सात.”

“मग बरोबर की!” अज्जा केरबाकडं वळले. “माझ्या मोजणीतही तेवढेच भरले. शाळेत सत्तावीस म्हणू दे, घरात विसा म्हणू दे. दाणे काही कमी-जास्त होत नाहीत.”

केरबानं पुन्हा हात जोडले.

“पण ठेवून घेणार न्हवं तिला?”

“संध्याकाळी बघू.” अज्जा गुडघ्यावर हात टेकून उठले. “आलाच आहेस, तर स्वयंपाकघराची मागली भिंत बघ. गुरानं अंग घासून कोपरा पाडलाय.”

काम म्हटल्यावर केरबाच्या जिवात जीव आला. मठात बोलायचं कसं ते त्याला ठाऊक नव्हतं. पडका कोपरा मात्र त्याच्या ओळखीचा होता.

त्यानं माती भिजवली, दगड निवडून लावले. हौसाला सांगितलं, “तू तिकडं सावलीत बस. पाटी गिरव.”

ती सावलीत बसली. पाटी गिरवेना. बघत बसली.

पहिला थर झाला. दुसरा झाला. केरबानं कनवटीचा ओळंबा काढला. दोऱ्याला बांधलेला पितळी गोळा. वरच्या दगडाशी दोरा धरून त्यानं गोळा खाली सोडला.

“हे कशाला?”

केरबा दचकला. अज्जा मागं येऊन उकिडवे बसले होते. लहान पोरासारखे, हनुवटी गुडघ्यावर.

“भिंत उभी सरळ हाय का बघायला, अज्जा.”

“कसं कळतं?”

“दोऱ्याला लावून बघायची. दोरा सरळ असतो, भिंत त्याच्या बरोबरीनं आली की झाली सरळ.”

अज्जांनी मान हलवली. मग विचारलं, “आणि दोरा सरळ कशावरून?”

केरबा हसला. मग हसू थांबलं.

तीस वर्षं तो दोऱ्यावर भिंती तपासत आला होता. घरं, विहिरी, गावातलं मोठं देऊळ. दोरा सरळ कशावरून, हे त्याला कुणीच विचारलं नव्हतं.

“म्हंजे… असतोच की, अज्जा.”

“तू ओढून धरलास म्हणून?”

“न्हाई, न्हाई. मी कुठं ओढतोय?”

“मग गोळा पितळेचा आहे म्हणून?”

“दगड बांधला तरी चालतं.”

“मग?…”

“हलताना वाकडा असतो.”

हे हौसा बोलली.

ती सावलीतून उठून कधी आली ते दोघांनाही कळलं नव्हतं. तिची नजर गोळ्यावर होती.

“हलताना वाकडा. थांबला की सरळ.” मग तिनं बापाकडं तोंड वर केलं. “बा, हा थांबतो तर इथंच का थांबतो? त्याला कोण सांगतं, इथं थांब म्हणून?”

केरबाच्या ओठांवर सवयीचं उत्तर आलं होतं. मास्तरांना इचार.

पण मास्तर सहा मैलांवर होते. समोर अज्जा होते, काशीला बारा वर्षं शिकलेले. त्यानं मोठ्या आशेनं त्यांच्याकडं बघितलं.

अज्जाही त्याच्याचकडं बघत होते. तितक्याच आशेनं.

“सांग की, केरबा. मलाही ऐकायचंय.”

वारा पडला होता. गोळा हळूहळू थांबत आला, थांबला…

“मला न्हाई ठावं, हौसे.”

वर्षभर ज्या वाक्याला तो भीत होता, ते तोंडातून निघून गेलं. आता पोरीचं तोंड उतरेल, असं त्याला वाटलं. तिला कळेल, आपला बाप काहीच जाणत नाही.

हौसाचे डोळे मोठे झाले.

“तुला बी न्हाई?”

“न्हाई.”

“खरंच?”

“खरंच न्हाई.”

“मग बघूया की!”

तिनं त्याच्या हातून दोरा घेतलासुद्धा.

आधी भिंतीशीच धरून बघितलं. मग हौसा म्हणाली, भिंत जवळ आहे म्हणून थांबत असेल. म्हणून दोरा मागच्या चिंचेच्या फांदीला बांधला. तिथंही गोळा हलत हलत मधोमध येऊन थांबला. मग तिनं दोरा आखूड धरला. गोळा भराभर झुलू लागला.

“बा, आखूड केला की घाई करतो!”

“व्हय की!” केरबानं हे हजारदा बघितलं होतं. आणि आज पहिल्यांदाच बघत होता. “सोड, लांब सोड बघू.”

लांब सोडला. गोळा संथ झाला. हौसा टाळी वाजवून झोके मोजू लागली. केरबाही मोजू लागला. मधे त्यांचे आकडे जुळेनात, तेव्हा दोघांनी पुन्हा पहिल्यापासून मोजले.

दुपारी वारा सुटला आणि गोळा काही केल्या थांबेना.

“आता कशी बघायची भिंत?” हौसानं विचारलं.

“त्याला युक्ती हाय.” केरबानं बादली भरून आणली आणि गोळा अलगद पाण्यात सोडला. गोळा लगेच गप्प झाला.

हौसा बादलीत वाकली. तिच्या वेणीचं टोक पाण्यात बुडालं.

“पाण्यानं धरला त्याला.”

“धरला… व्हय. धरल्यासारखंच दिसतंय.”

“पण पाण्याला हात कुठं हायत?”

केरबानं बादलीत हात घातला. वर्षानुवर्षं मातीत काम करून जाड झालेला हात त्यानं पाण्यातून इकडून तिकडं फिरवला. पाणी हाताला लागत होतं, अडवत होतं.

“हात घाल, हौसे. जोरात फिरव. बघ, लागतंय न्हवं?”

तिनं हात घातला. दोघांचे हात बादलीत फिरत राहिले आणि पाणी सांडून जमिनीवर चिखल झाला.

अज्जा केव्हाच उठून आत गेले होते. जेवणाची घंटा झाली तेव्हा बापलेक चिखलाच्या हातांनीच धावत आले. पंगतीत हौसा अज्जांच्या शेजारी बसली आणि आमटीत पावटा दिसल्यावर बोलायला लागली ती थांबेना. आखूड दोरा, लांब दोरा, पाणी, वेणी भिजली ते… तोंडात घास असतानाच.

वाढणाऱ्या बाईंनी, “जेव आधी,” म्हणून दटावलं. अज्जा म्हणाले, “बोलू दे हो. वर्षाचं साठलंय.”

केरबाच्या हातातला घास तसाच राहिला. त्यानं मान खाली घातली. डोळे पुसायला उपरणं शोधलं तर ते चिंचेखाली राहिलं होतं.

ऊन उतरल्यावर अज्जा भिंत बघायला आले.

कोपरा गुडघ्याइतकाच झाला होता. माती वाळून तडकली होती.

“एवढंच झालं, अज्जा,” केरबा ओशाळला. “उद्या येतो. दोन घटकांचं काम हाय.”

“ये.” अज्जांनी भिंतीला हात लावून बघितला. “आणि मुलगी? तिला आत निजायची जागा करायला सांगू?”

हौसा थोड्या अंतरावर थापी धूत होती. ती धुवायची थांबली. वळली मात्र नाही.

केरबानं तिच्या पाठीकडं बघितलं. सकाळी येताना सहा मैलांत ती एक अक्षर बोलली नव्हती. जाताना किती बोलेल, कोण जाणे. वाटेत ओढा होता. आंब्याची राई होती. घरी गेल्यावर तिची आई चुलीपुढं बसली असेल, आणि समोर पिठाचा गोळा घ्यायला कुणी नसेल.

“न्हाई, अज्जा,” तो म्हणाला. “उद्या तिला घेऊनच येतो. ओळंबा धरायला माणूस लागतं.”

हौसानं थापी खसखसा घासायला घेतली.

अज्जांनी आतून तिची पिशवी आणवली. केरबानं ती खांद्याला अडकवली, पायावर डोकं ठेवलं. पायऱ्या उतरूही लागला. हौसा पुढं धावली होती.

चौथ्या पायरीवर तो थांबला.

एक गोष्ट दुपारपासून त्याला टोचत होती. ती इथंच ठेवून जावी, असं त्याला वाटलं. तो परत वर आला.

“अज्जा… दिवस चांगला गेला. पोरगी बोलली. पण खरं सांगू का?” त्याचा आवाज खाली आला. “तिनं इचारलं, गोळा इथंच का थांबतो. त्याचं उत्तर काय शेवटपर्यंत मला आलं न्हाई.”

“बरं झालं,” अज्जा म्हणाले. “आलं असतं, तर सांगून मोकळा झाला असतास.”