निष्ठेचा लोटा आणि केशराचा मळा

एका राज्यात केशराचा एकच मळा होता आणि त्याला एक शाप होता. राजाच्या आजोबांनी एका मांत्रिकाला केशर म्हणून करडईच्या पाकळ्या घातलेली खीर वाढली होती. मांत्रिकाने खीर संपवली, मिशा पुसल्या आणि शाप दिला: ज्या वर्षी या मळ्यात केशर पिकणार नाही, त्या वर्षी मळा राखणारा थोडा दगड होईल.

मळा राखत होती सगुणा माळीण. दोन वर्षांपूर्वी प्रधानांनी रीत पाडली, की दरबारात जाणाऱ्याने मळ्यात लोटाभर पाणी ओतून राजनिष्ठा दाखवावी. प्रधान स्वतः घागरीने दाखवीत. पहिल्या वर्षी सगुणा बांधावर बसल्या जागी गुडघ्यापर्यंत दगड झाली, दुसऱ्या वर्षी कमरेपर्यंत. यंदा पाळी डोक्याची होती.

“काटे टोचत नाहीत, एवढे बरे,” ती म्हणे.

राजा रत्नध्वजाने बोलक्या साळुंकीला उपाय विचारला.

“तीन कामे आहेत, महाराज. उन्हाळ्यात कंद झोपतात, तेव्हा थेंबही घालू नये. पावसाळा सरला, की कळीआधी एकदा पाणी द्यावे. ओल हवी, चिखल नको. फुले आली, की पाणी बंद आणि उन्हाआधी खुडणी.”

“एवढेच?”

“पहिले करून दाखवा, मग म्हणा.”

प्रधान दचकले. “लोटा बंद केला, तर निष्ठा दिसणार कशी?”

“उकरून बघा, प्रधानजी,” सगुणा म्हणाली. “तिथेच आहे.”

उकरले, तर कंदांचा काळा लगदा निघाला. त्याचा वास प्रधानांनी दुरूनच मान्य केला. जे थोडे कंद घट्ट उरले होते, ते कोरड्या वाफ्यात लावले.

ज्येष्ठातल्या भर दुपारी खुद्द राजाच सोन्याचा लोटा घेऊन आला. भेगाळलेली जमीन त्याला बघवेना.

“सगुणाबाई, अगदी थोडेसे?”

“महाराज, माझे अर्धे अंग दगडाचे आहे. उरलेले अर्धे तुमच्या लोट्याखाली आहे.”

लोटा मोठा होता. पण राजाने तो उभ्या उभ्या पिऊन टाकला.

आश्विनात एकदा पाणी दिले. फुले थोडीच आली, पण प्रत्येकात तीन तंतू, गडद लाल. वासाने साळुंकी शिंकली. मांत्रिक अजून जिवंत होता. त्या धंद्यात माणसे टिकतात. त्याला खऱ्या केशराची खीर पाठवली. त्याने वाटी चाटून शाप मागे घेतला.

तत्क्षणी सगुणेचा दगड सालीसारखा सुटला. “मुंग्या आल्या पायांना,” म्हणत ती उठली आणि खुडणीला लागली.

दगडाची साल बांधावर राहिली. दरबारी आता लोटा तिच्यावर ओततात, प्रधान घागर. दगडाला अद्याप फूल आलेले नाही. पण तो कुजलेलाही नाही.