गुडघ्याखालचं घर

“आणि पडली तर?” सगुणाक्कांनी विचारलं.

“पडणारच नाही,” मकरंद म्हणाला.

“पडली तर?”

“आक्का, आई पडू नये म्हणूनच तर हे सगळं केलं.”

तो हसला आणि मोबाइलवर एकेक खोली दाखवू लागला. हा पलंग, बटण दाबलं की डोक्याकडून उचलला जातो. हे दिवे, नुसतं बोललं की लागतात. बाहेरचं दार आई बसल्या जागेवरून उघडते. न्हाणीत पाय न घसरणारी फरशी, भिंतीला स्टीलचे कठडे. आईच्या गळ्यात एक बटण, ते दाबलं की पुण्यात मकरंदचा फोन वाजतो.

मकरंद देवस्थळी पुण्यात इंजिनिअर होता. वर्षापूर्वी अर्धांगवायूनं त्याच्या आईचं डावं अंग लुळं पडलं. काठी टेकत ती घरातल्या घरात चालायची, पण सांगलीचं घर सोडायला तयार नव्हती.

सगुणाक्का विट्याजवळच्या एका गावात राहायच्या. तिसाव्या वर्षी चिंचेवरून पडल्या आणि कंबरेखालचं सगळं गेलं. तेव्हापासून चाकाची खुर्ची. राहायच्या एकट्या. ओटा, चूल, दाराची कडी, सगळं त्यांनी हाताच्या उंचीवर आणलं होतं. पंचक्रोशीत कुणाचे हातपाय गेले की लोक जीप करून त्यांना घेऊन जात आणि विचारत, आक्का, आता घरात काय काय बदलायचं?

मकरंद तीन महिने दर रविवारी त्यांच्याकडे शिकायला येत होता.

आज तो शिकायला आला नव्हता. दाखवायला आला होता. असंच घर आणखी वीस जणांना करून द्यायचं, असं त्यानं ठरवून टाकलं होतं.

आक्कांनी सगळं नीट पाहिलं. मग म्हणाल्या, “समदं गुडघ्याच्या वर हाय.”

“म्हणजे?”

“गुडघ्याच्या खाली काय हाय तुज्या घरात?”

“खाली कशाला काय लागेल? खाली फरशी आहे.”

आक्कांनी मोबाइल त्याच्या हातात परत दिला.

मग त्यांनी खुर्चीचा ब्रेक लावला, दोन्ही हात दांड्यांवर रोवले आणि स्वतःला खाली झोकून दिलं.

धप्प असा आवाज झाला.

मकरंद ओरडलाच. हातातला मोबाइल टाकून तो धावला. आक्का कुशीवर पडल्या होत्या. पाय कुणी भिरकावल्यासारखे वेडेवाकडे. कोपर सोललं होतं, रक्त येत होतं.

“हात लावू नगंस!”

तो जागच्या जागी थिजला.

“आक्का, काय केलंत हे? कशासाठी?”

“बस तितं. आनि बघ.”

तो बसला.

आक्का कोपरांवर सरपटत भिंतीकडे निघाल्या. भिंतीत, जमिनीपासून वीतभर उंचीवर, एक लोखंडी कडी होती. घरात अशा सहा-सात कड्या होत्या. पूर्वी इथं शेळ्या बांधत असतील, असं मकरंदला तीन महिने वाटत आलं होतं.

त्यांनी कडी धरली आणि उठून बसल्या. दम खाल्ला. कडीच्या वर गाठी मारलेला दोर लोंबत होता. त्याच्या एकेका गाठीला धरत पाटावर. पाटावरून चौरंगावर. चौरंगावरून बाजेवर. प्रत्येक ठिकाणी थांबून त्या आपले पाय हातांनी उचलून घेत होत्या, एकानंतर एक.

शेवटी बाजेवरून आकड्याच्या काठीनं खुर्ची ओढली, पुन्हा ब्रेक लावला आणि तीत बसल्या.

वीस मिनिटं लागली.

“आता आईला फोन लाव,” आक्का धापा टाकत म्हणाल्या. “इचार, पडलीस तवा कशी उठलीस?”

“आई कधी पडलेलीच नाही.”

“इचार की.”

त्यानं खाली पडलेला मोबाइल उचलून फोन लावला. विचारलं.



“कुणी सांगितलं तुला?” आई म्हणाली.

मकरंदचा चेहरा उतरला. “आई... म्हणजे तू पडलीस?”

“दोनदा. न्हाणीत.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“तू मला पुण्याला घेऊन गेला असतास.”

“आणि ते बटण?”

“ते खुंटीवर. आंघोळीला बसताना कोण गळ्यात घालतं रे?”

“मग उठलीस कशी?”

“पहिल्या वेळी त्या साडीला धरून. धुणंवालीकडून न्हाणीच्या खिडकीला बांधून घेतली होती ना, गाठी मारून...”

मकरंदला ती साडी आठवली. जुनेर, ओलं, भिंतीवर लोंबणारं. नव्या कठड्यांशेजारी कसंतरीच दिसत होतं. त्यानंच ते कापून काढलं होतं आणि बोहारणीला दिलं होतं.

“आणि दुसऱ्या वेळी?”

“तेव्हा साडी नव्हती.”

“मग?”

“मग काय... सकाळी पडले. धुणंवाली दुपारी आली. तोवर फरशीवर.”

“अगं, पण कठडे होते ना?”

“होते. दिसत होते. हात पोचत नव्हता.”

मकरंदची नजर आक्कांच्या भिंतीतल्या कडीवर गेली.

“धुणंवालीला सांगून साडी परत बांधून घ्यायची होती मला,” आई हळूच म्हणाली. “पण तू एवढं सगळं केलंस. त्यात ते जुनेर कसं लावायचं...”

फोन बंद झाला, तरी मकरंदनं तो कानाशीच धरला होता. डोळे कोरडे, उघडे. आक्कांच्या कोपरातून रक्त ठिबकत होतं आणि तो नुसता तिकडे पाहत होता.

मग तो उठला. “मी आत्ता निघतो, आक्का. संध्याकाळच्या आत सांगलीला पोचेन. दोर, कड्या, सगळं आजच लावतो.”

“कुटं लावशील?”

“न्हाणीत.”

“न्हाणीत कुटं?”

मकरंदनं हात गुडघ्याखाली नेला, मग थोडा वर, मग पुन्हा खाली.

आक्का म्हणाल्या, “आदी तितं आडवा पड. डावा हात पाटीमागं बांदून. आनि कुनाला हाक मारू नगंस.”