एकशिंग्यांचा घाणा

वावळी गावात जेटीकडे जाणारा रस्ता जिथे अरुंद होतो, तिथे उंडीच्या झाडाखाली हा दगडी घाणा आहे. गाडी त्याच्या पलीकडे लावा. अलीकडे लावली तर एसटी वळत नाही आणि ड्रायव्हर सगळ्यांचा उद्धार करतो. घाण्याच्या डाव्या हाताचं कौलारू घर आमचं, हिंदू एकशिंग्यांचं. उजव्या हाताचं घर हन्नामावशीचं, बेने इस्राएल एकशिंग्यांचं. मधे कुंपण नाही. घाण्याची लाट, म्हणजे उखळात फिरणारा लाकडी दांडा, माझ्या आजोबांनी नवी बसवली, उखळ मात्र पहिल्यापासूनचं. त्याला टेकून एका बैलाचं आखूड जू ठेवलेलं दिसेल, आणि जुवाला अडकवलेली, बैलाच्या डोळ्यांवर बांधायची कापडी झापड. हन्नामावशीच्या ओटीवर भिंतीत रोवलेलं ते एकच शिंग. हात लावा, चालतं. देव नाही तो, बैल आहे.

मी मोरेश्वर एकशिंगे. आल्यागेल्याला ही हकिकत सांगायचं काम गावानं माझ्याकडे दिलं आहे, कारण मला दुसरा उद्योग नाही, असं हन्नामावशी म्हणते. ओरली, तू शिमशोनकाकांची नात. काका याच उजव्या घरातून बोटीनं इस्राएलला गेले. आणि हा याकोब, फ्रँकफुर्टचा ज्यू, तुझा होणारा नवरा. त्याला मराठी येत नाही, तेव्हा तू जे सांगशील तेच तो ऐकणार. एवढं सुख लग्नानंतर मिळत नाही, आता उपभोगून घे. मघाशी तू विचारलंस की एकच आडनाव ज्यूंचं आणि हिंदूंचं कसं, आणि तेही बैलाचं का. आणि मग हळूच म्हणालीस की आजोबांच्या मागे हे नाव लावणारी तू शेवटची, तुझ्यानंतर तुमच्या घरात ते संपेल. ते ऐकून मला वाईट वाटलं. म्हणून आज जरा सावकाश सांगतो.

आपल्या किनाऱ्यावर आडनाव म्हणजे गावाचा पत्ता. पेणचा तो पेणकर, रोह्याचा तो रोहेकर, मग तो देवळात जावो नाहीतर सिनेगॉगमध्ये. त्या हिशेबानं आपण दोघांनीही वावळीकर व्हायचं. पण आपल्या पूर्वजांनी गावाचं नाव सोडलं आणि बैलाचं घेतलं.

असं सांगतात की फार पूर्वी, खाडीच्या तोंडावरचा कोट शाबूत होता तेव्हा, वावळीत दोन तेली होते. एक एलोजी, बेने इस्राएल. दुसरा गोंदू. घाणे शेजारी शेजारी; आज त्यातला हा एकच उरला आहे. एलोजी शनिवारी घाणा बंद ठेवी, गोंदू सोमवारी. आणि दोघांचं म्हणे क्षणभर पटत नसे. शनिवारी गोंदू मुद्दाम घाणा जोरात करकरवायचा आणि म्हणायचा, काही लोकांचा देव फारच लवकर दमतो. सोमवारी एलोजी त्याची परतफेड करायचा. गिऱ्हाइकं ऐकून करमणूक करून घ्यायची आणि तेल ज्याचं बरं त्याच्याकडून न्यायची.

मग एका वर्षी गुरांवर रोग आला. खाडीच्या दोन्ही काठांचे गोठे रिकामे झाले. गोंदूचा बैल गेला. वावळीत वाचला तो एलोजीचा एकटा म्हातारा बैल, आणि तोही एका शिंगाचा. त्याचं दुसरं शिंग तरणेपणी एका झुंजीत मोडलं होतं. गाव त्याला एकशिंग्या म्हणायचं. रोगानंसुद्धा हा कशाला न्यायचा म्हणून सोडला असेल, असं लोक म्हणत.

गोंदूचा घाणा थांबला. चार दिवस त्यानं स्वाभिमान खाल्ला, पाचव्या दिवशी पोट बोलायला लागलं. पण त्याला एलोजीच्या दारात जावं लागलं नाही. एलोजीच बैल घेऊन आला आणि म्हणाला, "अर्धे दिवस तुजे, अर्धे माजे. पन शनवारी याला जुपायचा नाय. आमच्या देवानं मानसाबरोबर बैलालाबी सुट्टी दिलीय."

गोंदूनं उपकार मानायचे, तर तो म्हणाला, "मंग सोमवारीबी नाय. बैल तुजा असंल, पन नंदी आमचा हाय."

एलोजी धुसफुसला. पण बैलाला विश्रांती हवी असं आत्ताच बोलून बसलेला माणूस नाही कसं म्हणणार? अशा रीतीनं एकशिंग्याला आठवड्याला दोन सुट्ट्या लागल्या. पाच दिवसांचा आठवडा सरकारनं अलीकडे आणला, आमच्या बैलाला तो तेव्हाच मिळाला होता.

आता जे झालं ते असं. कोटाच्या बुरुजावर रोज दिवेलागणीला मोठा दिवा लावत. खाडीच्या तोंडाशी खडक आहेत, भरतीला ते बुडतात आणि दिसत नाहीत. दिवा दिसला तर तांडेल गलबत बरोबर आत आणी, नाही दिसला तर खडकावर. त्या दिव्याला उंडीच्या बियांचं तेल लागे आणि ते या दोन घाण्यांतून जाई. एका बैलावर दोन घाणे, त्यात दोन सुट्ट्या, तेव्हा तेल जेमतेम पुरायचं.

पावसाळा सरून बोटी बाहेर पडल्या होत्या. एलोजीचा एकुलता एक मुलगा सामाजी नारळ भरलेल्या गलबतावर गेला होता. आणि एका शुक्रवारी अवेळी वारं सुटलं. त्या रात्री दिवा विझू नये म्हणून कोटावरच्या नाइकानं वाती वाढवल्या, आणि शनिवारी सकाळी तेलाचा रांजण कोरडा. नाईक धावत घाण्यावर आला. म्हणाला, गलबत काल पलीकडच्या बंदराहून निघालं आहे, आज तिन्हीसांजेला तोंडाशी येईल. तेल पाहिजे.

उंडीचा वाळवलेला गर होता, घाणा होता, बैल होता. पण शनिवार होता.

एलोजी ओटीवर बसून राहिला. त्याची बायको कुंवरबाई दाराशी उभी. ती रडली नाही, म्हणतात. एवढंच म्हणाली, "पोरगा समुद्रात हाय."

"ठावं हाय," एलोजी म्हणाला. "पन आमच्याकडं उरलंय काय? वाडवडील आले तवा गलबत फुटलं. पोथ्या बुडाल्या. भाषा गेली. या घडीला काय करावं, ते पुसायला कोन शाना मानूस नाय. एक शनवार तेवढा हाताशी ऱ्हायला. तोबी मीच मोडला, तर सामाजी घरी यील आन पुसल, बाबा, आपन कोन?"

ओरली, हे त्याला नीट सांग. हन्नामावशीच्या घरात हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या जसंच्या तसं सांगत आले आहेत. आज तुमचा एखादा जाणता धर्मगुरू सांगेल, जीव वाचवायला शनिवार मोडला तर चालतो. पण तेव्हा त्याला हे सांगणार कोण? एका बाजूला मुलगा आणि दुसऱ्या बाजूला सगळे वाडवडील, आणि हा मधे बसलेला.

शेजारच्या अंगणात गोंदूनं सगळं ऐकलं. एरवी शनिवारी टोमणा मारायची संधी तो सोडत नसे. त्या दिवशी तो सरळ उठला. स्वतःच्या घाण्यावर गेला, उखळात उंडीचा गर ओतला आणि बायकोला म्हणाला, "जू आन."

"आन बैल?" तिनं विचारलं.

"बैलाची सुट्टी हाय," गोंदू म्हणाला आणि त्यानं जू स्वतःच्या खांद्यावर घेतलं.

घाणा ओढणं हे माणसाचं काम नाही. लाट जड, आणि गोल गोल फिरून घेरी येते. थोड्या फेऱ्यांत गोंदू भेलकांडला. तेव्हा त्यानं मेलेल्या बैलाची झापड खुंटीवरून काढायला लावली आणि स्वतःच्या डोळ्यांवर बांधून घेतली. गाव गोळा झालं. आधी लोक पोट धरधरून हसले, आणि कुणी तरी "हुर्रर्र, ढ्ढा" असंही ओरडलं. मग त्याचा खांदा सोलवटलेला दिसला आणि हसणं आपोआप बंद पडलं.

आणि तेव्हा म्हणे एक नवल झालं. एकशिंग्या दावं तोडून एलोजीच्या गोठ्यातून बाहेर आला. त्याला ना जू, ना वेसणीला हात. तो गोंदूच्या बरोबरीनं, त्याच्या उघड्या खांद्याच्या बाजूनं, घाण्याभोवती फिरू लागला. दिवसभर फिरला. त्याच्या पावलांचा आवाज कानाशी असल्यामुळे गोंदूची घेरी गेली. आमच्या घरात सांगतात की तो साक्षात नंदीचा अंश होता. हन्नामावशीच्या घरात सांगतात की तो पेंड खायला आला होता. यावर आम्ही दोघं निदान चाळीस वर्षं भांडतो आहोत आणि निकाल लागू नये अशी दोघांचीही इच्छा आहे.

तिन्हीसांजेच्या आत रांजण कोटावर गेला. दिवा लागला. थोड्याच वेळात गलबत खडकाला वळसा घालून खाडीत शिरलं, शीड फाटलेलं, पण माणसं सगळी सुखरूप. आकाशात तारे दिसून शनिवार संपला, आणि मगच एलोजी ओटीवरून उठला. तो धक्क्यावर मुलाकडे गेला नाही. आधी तो गोंदूच्या अंगणात गेला, म्हणतात. दोघं एकमेकांपुढे उभे राहिले. एलोजी म्हणाला, "तेल जरा जाडं काढलंस." गोंदू म्हणाला, "बैल नवा हाय."

इथे गोष्ट संपली असती तर फक्त आमचं घर मोठं झालं असतं. पण वारं काही थांबलं नाही. रविवारी एकशिंग्यानं काढलेलं तेल रविवारच्याच रात्रीला लागलं, आणि सोमवारी रांजण पुन्हा रिकामा. अजून दोन होड्या बाहेर होत्या, कोळ्यांच्या. एलोजीचं आता कुणीही समुद्रात नव्हतं. सोमवार पाळायचं त्याला काही कारणही नव्हतं. बैल त्याचा, गोंदू खांद्याला हळद लावून आडवा पडलेला, कोण विचारणार होतं? पण नाईक घाण्यावर आला तेव्हा एकशिंग्या उंडीच्या सावलीत रवंथ करत बसला होता, आणि जुवाखाली, डोळ्यांना झापड बांधून, एलोजी फिरत होता.

नाईक हसता हसता खाली बसला. संध्याकाळी धक्क्यावर कुणी तरी विचारलं, आज तेल कुणी दिलं? नाईक म्हणाला, "एकशिंग्यानं."

"कंच्या?"

"ते काय मला ठावं. शनवारी एक असतो, सोमवारी दुसरा."

झालं. गावाला चिडवायला एवढं पुष्कळ होतं. पोरंसोरं दोघांनाही एकशिंगे म्हणू लागली. दोघांना राग यायला हवा होता, पण आला नाही. उलट सामाजीला मुलगा झाला आणि बारशाला कुणी विचारलं, कुणाचा नातू? तर एलोजी स्वतःच म्हणाला, "एकशिंग्याचा." गोंदूनंही आपल्या मुलांना तेच सांगितलं. बैल पुढे म्हातारा होऊन गेला. त्याचं शिंग एलोजीच्या ओटीवर आलं, जू गोंदूकडे राहिलं, आणि नाव दोन्ही घरांनी वाटून घेतलं.

आता या नावाची माणसं कुठे कुठे आहेत म्हणाल, तर वावळीत आमचं घर आणि हन्नामावशी. आमच्यातले काही पनवेलला, काही डोंबिवलीला. तुमच्यातले सगळे इस्राएलात, लोद आणि दिमोनाला. कुठे दुसरा एकशिंगे भेटला आणि त्याला ही हकिकत ठाऊक नसली, तर तो दुसऱ्या बैलाचा समजा. त्याला नमस्कार करा आणि सोडून द्या.

काल संध्याकाळी हन्नामावशीनं या याकोबला चहा देताना विचारलं, "जावई, तुमचं आडनाव काय?" तो म्हणाला, ओक्स. मावशीनं विचारलं, त्याचा अर्थ काय? आणि ओरली, तू कपाळावर हात मारलास, आठवतं? इतके महिने बरोबर असून तुझ्या लक्षात आलं नव्हतं. जर्मनमध्ये ओक्स म्हणजे बैल.

मग त्यानं तुझ्याकरवी सगळं सांगितलं. त्यांच्याकडे कुणी म्हणतं, पूर्वज अंगानं दांडगा होता म्हणून हे नाव पडलं. कुणी म्हणतं, तो गुरं राखायचा. कुणी म्हणतं, घरावर बैलाचं चित्र होतं आणि लोक घराला त्यावरूनच ओळखायचे. नेमकं कुणालाच माहीत नाही. आणि हे नाव त्यांच्याकडे ज्यूंचंही आहे आणि ख्रिस्ती जर्मनांचंही. ते ऐकून हन्नामावशीनं चहाची किटली खाली ठेवली. मग ती म्हणाली, "म्हंजे तुमच्याकडंबी घरं दोन आन बैल एकच. पन त्यांच्यात कोन कुनासाटी जुवाखाली गेला, ते ठावं हाय का?"

याकोब खाली बघत म्हणाला, नाही. ते कुणी सांगितलं नाही. युद्धानंतर तिकडे सांगणारी माणसंच उरली नाहीत.

त्यानंतर मावशी त्याला ओटीवर घेऊन गेली आणि त्याचा हात त्या शिंगावर ठेवला. म्हणाली, "मंग ही गोष्ट घे. आमच्याकडं हाय ती दोघांना पुरंल."

म्हणून म्हणतो, ओरली, नाव संपेल याची चिंता सोड. एकशिंग्या जाऊन ओक्स आला तर गोठा रिकामा कुठे झाला? फक्त सांगायचं विसरू नका.

घाण्याला आता बैल नाही, तेलाच्या पिशव्या दुकानातून येतात. तरी आजही वावळीत शनिवारी आणि सोमवारी या घाण्याला कुणी हात लावत नाही. आजही शनिवारी तारे दिसले की आमची सून हन्नामावशीच्या दिव्याला तेल नेते, आणि सोमवारी मावशी देवळातल्या समईसाठी तेल पाठवते. आणि आजही दोन्ही घरांत लग्न ठरलं की हळद किंवा मेंदी लागायच्या आधी नवऱ्या मुलाला डोळ्यांना झापड बांधून घाणा ओढावा लागतो. जू त्याच्या खांद्यावर ठेवायचं ते दुसऱ्या घरानं. बरोबरीनं चालायला आता बैल नाही, तेव्हा ते काम नवरीचं. तुझ्या आजोबांच्या खांद्यावर माझ्या वडिलांनी ठेवलं होतं.

आज मंगळवार आहे. ओरली, त्याला सांग, चष्मा काढून ठेव म्हणावं, आणि जरा वाक.