साहेब आत आले तरी

विस्तार अधिकारी बोरगुंडे साहेब शाळा तपासायला तिसरीच्या वर्गात शिरले, तर एकही मूल उभं राहिलं नाही. सगळ्यांनी बसूनच "नमस्ते, साहेब" म्हटलं. साहेब गोंधळले. बाहेर जाऊन त्यांनी दारावरची पाटी वाचली, घसा खाकरला आणि पुन्हा आत आले. पुन्हा बसूनच नमस्ते!

"गावितबाई, हा काय प्रकार?"

"साहेब, ही कस्तुरा. हिला डाऊन सिंड्रोम आहे, हृदयाचं ऑपरेशनही झालंय. बाकीचे उठले की हीसुद्धा हट्टानं उठते आणि तिला धाप लागते. म्हणून आमचा वर्ग कुणासाठीच उठत नाही."

"आणि माझा मान? वर्ग उभा राहीपर्यंत मी बसणार नाही!"

बाईंनी पाढे घ्यायला सुरुवात केली. दोनपासून दहापर्यंत सगळे झाले. साहेब कस्तुराच्या बाकासमोर उभेच. बसावं की निघावं, त्यांना कळेना. शेवटी ते कडाडले, "उभं राहणं म्हणजे मान देणं, एवढंही शिकवलं नाही तुम्ही?"

"तसं असेल तर साहेब," बाई म्हणाल्या, "आमच्या कस्तुराला एवढा मान आजवर कुणीच दिला नव्हता."

कस्तुरानं सरकून बाकावर जागा केली.

साहेब बसले.