विम्याआधी परवाना, परवान्याआधी विमा

धवलकेतू राजाच्या कनकावती नगरीत शिकायला येणाऱ्या परमुलखातल्या विद्यार्थ्याला वेशीवर दोन कागद दाखवावे लागत. एक राजाचा परवाना. दुसरं जडावशेठचं विमापत्र, म्हणजे विद्यार्थी आजारी पडला तर औषधपाणी शेठ बघेल याची लेखी हमी. विमापत्राशिवाय परवाना मिळत नसे. आणि जडावशेठ विमापत्र देई ते फक्त नगरीत राहणाऱ्याला. नगरीत राहायचं तर परवाना हवा!

नियम खुद्द राजाचा. बारा वर्षांपूर्वी एक परका विद्यार्थी तापाने फणफणला आणि तीन महिने सरकारी औषधशाळेत पडून राहिला, तेव्हा राजाने हट्टाने हा नियम काढला. तेव्हापासून एकाही परक्या विद्यार्थ्याच्या दुखण्याचा भार खजिन्यावर पडला नव्हता, आणि राजा हे येईल-जाईल त्याला अभिमानाने सांगे. बारा वर्षांत एकही परका विद्यार्थी आत आलेला नाही, हे मात्र त्याला कुणी सांगत नसे. नगरीची शल्यशाळा हाडं जोडण्याच्या विद्येसाठी चार मुलखांत नावाजलेली. तिथे आता अकरा विद्यार्थी उरले होते, आणि त्यातले नऊ प्रधानजींचे भाचे होते.

अशा त्या वेशीवर एके सकाळी भिवरा येऊन उभी राहिली. डोंगरापलीकडच्या मुलखातल्या धनगराची ही मुलगी. मेंढराचं मोडलेलं हाड बसवण्यात तिने बापालाही मागे टाकलं होतं. माणसाचं हाड मात्र एकदाच बसवलं होतं, धाकट्या भावाचं, आणि तो अजून लंगडत होता. ते तिच्या मनातून जात नव्हतं. शल्यशाळेच्या आचार्यांनी एका जत्रेत तिला हाड बसवताना बघितलं होतं आणि तिथल्या तिथे प्रवेशाचं पत्र लिहून दिलं होतं. पुढच्या पौर्णिमेला वर्ग सुरू होणार होता. तोवर ती पोचली नाही, तर जागा दहाव्या भाच्याला जायची होती.

वेशीवरचे परवानानवीस नरहरपंत फार सौजन्याचे गृहस्थ. त्यांनी पत्र वाचलं, हस्ताक्षराचं कौतुक केलं आणि विमापत्र मागितलं. शेठचा मुनीम पलीकडच्याच ओट्यावर बसे. त्याने नगरीत राहत असल्याचा दाखला मागितला. सहा दिवस भिवरा या ओट्यावरून त्या ओट्यावर जात राहिली. शेवटी तिने पंतांना विचारलं, बाकीचे विद्यार्थी काय करतात? परत जातात, असं पंतांनी तितक्याच सौजन्याने सांगितलं.

भिवरा परत गेली नाही. ती वेशीच्या रेघेबाहेर, पण ऐन रस्त्यात, फतकल मारून बसली. गाड्या अडल्या. शिपायांनी समजावलं, दरडावलं. ती हलेना. तिसऱ्या दिवशी कोतवाल आले आणि राजरस्ता अडवल्याबद्दल त्यांनी तिला एक महिन्याची कैद फर्मावली.

ठेवणार कुठे, एवढंच भिवराने विचारलं. नगरीतल्या बंदिखान्यात, असं उत्तर आलं. मग ती म्हणाली की हुकूम लेखी द्या, आणि परवाना नसताना आत पाऊल टाकून मी महाराजांचा नियम मोडणार नाही. अखेर चार शिपायांनी तिला उचलून आत नेलं.

बंदिखान्यात दोन वेळ जेवण होतं आणि रोज सकाळी राजवैद्य येऊन कैद्यांच्या नाड्या बघत. भिवराने दारोग्याकडे ती नगरीत राहत असल्याचा दाखला मागितला. दारोग्याला उभ्या जन्मात कुणी असलं काही मागितलं नव्हतं. त्याने हौसेने शिक्कासुद्धा मारून दिला. दाखला जडावशेठकडे गेला. शेठने विचार केला, हिला रोज राजवैद्य तपासतो, हिच्या अंगावर घोडा येणार नाही की गाडी येणार नाही. असं गिऱ्हाईक पुन्हा मिळायचं नाही. विमापत्र त्याच दिवशी निघालं आणि नरहरपंतांच्या पुढ्यात आलं. पंतांनी ते उलटसुलट करून पाहिलं. चूक सापडेना, तेव्हा पंत ते घेऊन राजाकडे गेले.

राजा संतापला. भिवराला दरबारात आणवलं.

"परवान्याशिवाय तू आत आलीसच कशी?"

"मी आले नाही, महाराज. मला आणलं. कोतवालसाहेबांचा लेखी हुकूम आहे."

"बंदिखान्यात पडून राहणं म्हणजे नगरीत राहणं नव्हे."

भिवराने आवाज धरून ठेवला. "बंदिखाना नगरीत नसेल, तर मीही नगरीत नाही. मग महाराजांनी मला धरलंय ते कुठे?"

दरबारात कुणीतरी खोकलं. राजाने मिशीवरून हात फिरवला आणि राखून ठेवलेला प्रश्न काढला. शिक्षण संपल्यावर ती आपल्या मुलखात परत जाईल याची हमी काय? कनकावतीचं वैभव बघून ती इथेच राहिली तर? तिकडे तिच्या नावावर जमीन, घर, असं काय आहे?

नावावर काहीच नव्हतं. मेंढरंसुद्धा बापाची होती.

"महाराज, तुमच्या नगरीत यायला मला नऊ दिवस वेशीवर आणि बारा दिवस कैदेत काढावे लागले. माझ्या गावात शिरताना मला कुणी कागद विचारत नाही. शिकून झाल्यावर मी कुठे राहीन, असं तुम्हाला वाटतं?"

राजाने तिच्याकडे बघितलं, मग नरहरपंतांकडे, आणि त्याला असं हसू फुटलं की मुकुट सावरायला दोघे धावले. हसतहसतच त्याने कैद माफ केली आणि परवान्यावर सही ठोकली.

तेवढ्यात नरहरपंत पुढे झाले. "क्षमा असावी, महाराज. सुटका झाली की हिचं बंदिखान्यातलं राहणं संपलं. राहणं संपलं की विमापत्र रद्द. विमापत्र रद्द झालं की आत्ता दिलेला परवाना..."

राजा पुन्हा हसत सुटला. डोळे पुसून त्याने हुकूम दिला, की शल्यशाळेमागचं रिकामं घर आजपासून भिवराच्या नावाने करा, आणि शिक्षण संपेपर्यंत तिचा विमा खजिन्यातून भरा.