सारजाबाईची सावड

हिवरदऱ्याची शाळा तुम्हाला खिंडीतूनच दिसेल. काळ्या दगडाची, कौलारू, ओढ्याकडे पाठ करून बसलेली. पण जवळ आलात की तिचा पूर्वेचा कोपरा नीट बघा. सगळी भिंत काळी आणि घडीव, आणि त्या कोपऱ्यात माणसाच्या कमरेइतक्या उंचीवर एकच दगड करडा, गुळगुळीत, ओढ्यातून उचललेला. त्याला शेंदूर नाही, हार नाही. एखादा भाविक पाहुणा हळदकुंकू वाहायला गेलाच, तर गावची म्हातारी माणसं त्याचा हात धरतात. "द्येव न्हवं त्यो. माणसाचा दगुड हाय," म्हणतात.

आणि जूनमध्ये शाळा उघडते त्या दिवशी आलात तर आणखी एक नवल दिसेल. पहिलीत बसणारं एकही पोर त्या दिवशी आईबापाचं बोट धरून येत नाही. ज्यांच्या घरात मूल नाही अशी माणसं त्याला कडेवर नाहीतर खांद्यावर घेऊन येतात. वाटेत त्याचे पाय भुईला टेकू देत नाहीत. करड्या दगडाला त्याचा हात लावायचा आणि मग उंबऱ्याच्या आत उतरवायचं. आईबाप लांब कुंपणापाशी उभे. हल्लीची पोरं खाऊनपिऊन टणटणीत, उचलणाऱ्याची कंबर लचकायची वेळ येते. पण कुणी कुरकुर केलेली ऐकिवात नाही. बाहेरून आलेली एखादी नवी सून मात्र हटकून रुसते. नऊ महिने मी वाहिलं आणि शाळेत दुसऱ्यानं का घालायचं? मग सासू तिला जवळ बसवून सारजाबाईची गोष्ट सांगते.

तेव्हा हिवरदऱ्यात शाळा नव्हती, असं सांगतात. शाळा होती ओढ्यापल्याडच्या गावात. पावसाळ्यात ओढा फुगला की पोरं घरी बसायची, आणि ओढा उतरेपर्यंत शिकलेलं सारं विसरून जायची. शेवटी गावचे जाणते दौलूनाना चावडीवर म्हणाले, "दुसऱ्याच्या तोंडाकडं किती बघायचं? आपली साळा आपुन बांधू. सावडीनं बांधू."

सावड म्हणजे काय, हे शहरातल्या माणसाला सांगावं लागतं. आज तू माझ्या रानात राबायचं, उद्या मी तुझ्या रानात. मजुरी नाही, हिशेब नाही, पण घेतलेली सावड फेडल्याशिवाय राहायचं नाही. हिवरदऱ्यात माणूस एक वेळ उपाशी झोपेल, पण कुणाची सावड अंगावर ठेवणार नाही. पोराला शाळेत घातलं, त्याला चार अक्षरं आली, की आईबापाची सावड फिटली, असं साधं गणित गावानं धरलं. रोज पहाटे भिवा कोतवाल गल्लीतून हाळी देत जायचा, "आज सावड अमक्याच्या घरची होऽऽ!" आणि त्या घरची माणसं दगडमातीला निघायची.

गावाच्या कडेला केरबा आणि त्याची बायको सारजाबाई राहायची. केरबा मुलखाचा अबोल. सारजाबाई बोलकी, हसरी, पोरांची वेडी. कुणाचं पोर रडलं की आईच्या आधी ही उठायची. पण तिची स्वतःची कूस काही उजवली नव्हती. नवससायास झाले, उपासतापास झाले, वय उतरलं. तिनं ते मनातल्या मनात गिळलं होतं.

शाळेचं काम निघालं तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद तिला झाला. आपल्याही घराची हाळी येईल म्हणून ती भल्या पहाटे उठून भाकऱ्या थापायची, फडक्यात बांधायची आणि उंबऱ्यावर बसून राहायची. भिवाची हाळी जवळ जवळ यायची, आणि तिच्या दाराशी आला की भिवा मान खाली घालून गुपचूप पुढं जायचा. सारं गाव डोक्यावर दगड घेऊन तिच्या दारावरून जायचं. तिला मात्र कुणी बोलवायचं नाही.

"आवं, आपलं नाव कसं घेत न्हाईत?" तिनं एकदा केरबाला विचारलं.

केरबा खाली बघतच म्हणाला, "आपलं कोन हाय साळंत जायाला?"

त्या दिवशी तिनं बांधलेली भाकरी सोडून गाईला घातली.

भिंती चढल्या, आणि पूर्वेचा कोपरा ढासळला. हणमा गवंडी पट्टीचा कारागीर, त्यानं पुन्हा रचला. पुन्हा ढासळला. खाली ओल होती असं आज कुणी म्हणतं, माती कच्ची होती असं कुणी म्हणतं. पण तेव्हा पाऊस तोंडावर आलेला, आणि अशा वेळी माणसाची मती कुठं ठिकाणावर असते? कुजबुज सुरू झाली. भिंत भोग मागते म्हणे! जुन्या लोकांनी किल्ल्यांच्या, बुरुजांच्या पायाखाली माणूस गाडल्याच्या नको नको त्या गोष्टी काढल्या. आणि एका जिभेला हाड नसलेल्या माणसानं बोलूनच टाकलं, "ती वांझोटी रोज दारात बसून बघती. तिचीच नजर लागली."

बोलणं फिरत फिरत सारजाबाईच्या कानावर आलंच. ती रडली. पोटभर रडली. मूल नाही म्हणून तिला लोकांनी टोमणे मारले होते, ते तिनं सोसले होते. पण पोरांच्या शाळेवर आपली नजर पडते, हे तिला सोसवेना. मग तिनं डोळे पुसले, पदर खोचला आणि ती ओढ्यात उतरली.

उन्हं वर आली होती. गाव कोपऱ्यापाशी जमून भांडत होतं, तेवढ्यात ओढ्याच्या अंगानं सारजाबाई येताना दिसली. डोक्यावर हा एवढा करडा दगड. मान थरथरत होती, पण तिनं वाटेत तो एकदाही खाली टेकवला नव्हता. केरबा मागून रिकाम्या हातानं येत होता. त्यानं धरू म्हटलं तरी तिनं धरू दिलं नव्हतं, असं सांगतात.

ती दौलूनानांसमोर उभी राहिली. "नाना, माझी नजर वाईट आसंल तर मी डोळं बांधून ऱ्हाईन. पन ह्यो एक दगुड भिंतीत घ्या. माझ्या हातानं काय वाईट न्हाई व्हायाचं."

दौलूनानांच्या तोंडचं पाणी पळालं. "आगं, नजर कसली ल्येकी? कोन म्हनलं? तुला मीच बोलवू नगं म्हनलं भिवाला."

"का?"

"तुझी सावड आमी फेडायची कशी?" नाना म्हणाले. "समद्यांची पोरं शिकनार. तुझ्या घरात काय जानार? तुझ्याकडनं काम घ्यायाचं आन तुलाच मोकळ्या हातानं लावायची, ह्ये मला पटंना. आन तोंडावर सांगावं तर तुझ्या दुखन्यावर बोट. म्हनून गप बसलो."

इतके दिवस जिला सारजाबाई हेटाळणी समजत होती, ती नानांची माया होती. आणि मायाच ती, पण तिनं केवढं भाजलं होतं!

"फेडा म्हनलं कुनी?" ती म्हणाली. "न्हाई फिटली तर ऱ्हाऊ द्या की अंगावर."

आता गाव पेचात पडलं. दगड नको म्हणावं तर या बाईचं काळीज फाटेल, आणि घ्यावा तर न फिटणारी सावड साऱ्या गावाच्या डोक्यावर बसेल. हणमा गवंडी थापी हातात धरून उभा. सारजाबाईच्या डोक्यावरचा दगड तसाच, आणि घाम डोळ्यांत उतरत होता.

तेव्हा गर्दीतून कोंडाबाई पुढं आली. तिची धाकटी लेक ठकी त्याच वर्षी शाळेत बसायची होती. ती म्हणाली, "नाना, दगुड घ्या. सावड मी फेडते." आणि हणम्यानं सारजाबाईच्या डोक्यावरचा दगड उतरवून घेतला न घेतला, तोच कोंडाबाईनं ठकीला उचलून सारजाबाईच्या कडेवर दिलं. "हिला साळंत तू घालायची, वैनी. मी न्हाई येनार. त्या दिसापुरती ही तुझी लेक."

मग काय विचारता! दुसरी बाई पुढं आली, तिसरी आली. "आमचा बी तूच घाल." "आन आमची पारू?" सारजाबाई हसत होती, रडत होती. ठकीनं तिच्या गळ्याला घट्ट मिठी मारली होती. केरबा आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत बोलला म्हणे. तो म्हणाला, "दोन-चार मला बी द्या."

करडा दगड कोपऱ्यात बसला, आणि कोपरा उभा राहिला. त्यानंतर ढासळला नाही. भिंतीला भोग हवा होता की नुसता मान, ते भिंतीलाच ठाऊक.

शाळा उघडली त्या दिवशी सारजाबाईनं ठेवणीतलं लुगडं नेसून गावातली पोरं एकेक करून वाहून नेली. पुढं दरसाल नेली. "दगुड म्या खाली टेकवला न्हाई, मग ल्येकरू कसं टेकवू?" म्हणायची. म्हातारपणी उचलवेना, तेव्हा ठकीनं तिला हात दिला. ठकीलाही मूल झालं नव्हतं. सारजाबाई गेली तेव्हा तिची तिरडी त्याच कोपऱ्यापाशी विसाव्याला टेकवली, आणि अग्नी कुणी द्यायचा यावरून गावात वाद झाला. मूलबाळ नसलेल्या बाईला अग्नी द्यायला माणूस मिळत नाही म्हणतात ना? इथं प्रत्येक जण म्हणत होता, मी देणार, तिनं मला शाळेत घातलंय.

केरबाचं घर केव्हाच पडलं. आता तिथं नुसतं जोतं उरलंय, आणि त्यावर तरवड माजलेला. पण आजही शाळा उघडण्याच्या दिवशी पहाटे हाळी देणारा आधी त्या जोत्यापाशी जातो. पूर्वी हाळी घरच्या पुरुषाच्या नावानं असायची. ही तशी नसते. तो मान वर करून, सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी हाळी देतो, "आज सावड सारजाबाईच्या घरची होऽऽ!"

आणि घराघरांतून ओ येते, "आलोऽऽ!"