खिंडजाईच्या गालांवरचे व्रण

तळेखिंडीच्या देवळात खिंडजाईचा पितळी मुखवटा आहे. नाक धारदार, डोळे मोठे, आणि दोन्ही गालांवर बारीक बारीक खळगे. नव्या माणसाला वाटते, पितळ झिजले असेल. देवळातले म्हातारे गुरव ते ऐकून घेतात आणि मग येसू तांबटिणीची हकीकत सांगतात.

फार पूर्वी गावात देवी आल्या. घरोघरी माणसे अंथरुणाला खिळली. साथ ओसरावी म्हणून खिंडजाईला नवा मुखवटा घडवू, असा गावाने नवस केला आणि काम धाकू तांबटाकडे आले. मऊ केलेल्या राळेवर पत्रा पालथा बसवून तो मागून बोथट खिळ्यांनी ठोकत असे. त्याची बायको येसू राळ तापवून द्यायची, लागेल तो खिळा हातात ठेवायची. ठोक्याठोक्याने पलीकडे चेहरा उठू लागला. तेवढ्यात धाकूलाच देवीने नेले, असे सांगतात. येसू वाचली, पण तोंडभर व्रण राहिले. विधवा, त्यातून असा चेहरा. बायका तिला हळदीकुंकवाच्या वाटेवरसुद्धा टाळू लागल्या.

साथ ओसरली. नवस मात्र अर्धाच राहिला होता. येसूने पत्रा सुलटा करून राळेवर बसवला आणि नवऱ्याच्या खिळ्यांनी डोळे, नथ, ओठ रेखले. शेवटी टोकदार खिळा उचलला. देवीच्या गालापाशी हात थबकला. तिने स्वतःच्या गालांवरून बोटे फिरवली आणि हलक्या हाताने एकेक खळगा पाडत गेली.

देवळात मुखवट्यावरचे फडके काढले तशी कुजबुज उठली. मानकरी राघोजी म्हणाले, "देवीचं तोंड असं असतं होय? हे खळगे बुजवून आण."

"बुजतील. पितळच आहे ते," येसू म्हणाली. "पण ती ज्यांच्या घरी येऊन गेली, त्यांच्या तोंडावरचे कुणी बुजवायचे?"

तेव्हा राघोजींची थोरली सून बायकांतून पुढे आली. दुखण्यातून उठल्यापासून ती म्हणे त्या दिवशी पहिल्यांदाच उंबऱ्याबाहेर पडली होती. तिने तोंडावरचा पदर मागे सारला. तिचेही गाल तसेच होते. तिने देवीला कुंकू लावले, मग वळून तेच बोट येसूच्या कपाळी टेकवले. येसू मागे सरली नाही. राघोजींनी मान खाली घातली, आणि आरती सुरू करायला सांगितले.

आजही जत्रेत खिंडजाईला पहिले कुंकू विधवा बाई लावते. चिंचेने मुखवटा उजळायचा मानही तिचाच. गावात आलेली नवी सून ते गाल बघून बिचकली, तर ती बाई तिचा हात धरून देवीच्या गालावर ठेवते, आणि बराच वेळ तिथेच राहू देते.